दम धर

१

आमच्या वरवट बकालला जो तो सांगायचा, की बुलढाण्याची हवा चांगली. माझी बायको रेणुका हिला लहानपणापासून दमा, आणि घाटाखालचा उन्हाळा दरवर्षी तिला जास्तच जड जायला लागला होता. मी शेगावच्या बाजारात अडतीवर होतो. रोज सकाळी धान्याच्या ढिगाशी उभं राहून हर्रास पुकारायची, भाव चढला की आवाज चढवायचा, एवढंच माझं शिक्षण. दयारामचा आवाज स्टेशनापर्यंत जातो, असं लोक म्हणायचे. अडतीतला हिस्सा भावाला देऊन टाकला आणि आम्ही दोघं घाट चढून वर आलो.

घर मिळालं ते उत्तमरावांचं. खाली आम्ही, वर ते एकटे. मुंबईत एका बँकेच्या परकी चलनाच्या खात्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन गावी आले तरी सवय सुटली नव्हती. सकाळी बाजार उघडला की वरच्या खोलीत संगणकासमोर बसायचे, ते संध्याकाळी बाजार मिटल्यावरच उठायचे. डॉलर आणि रुपया, बाकी कशात हात घालत नसत. मी रिकामा बसून रेणुकाच्या स्वयंपाकात चुका काढतो हे बघून त्यांना तिची दया आली असावी. त्यांनी मला वर बोलावून शिकवायला घेतलं.

शिकायला फार नव्हतं. डॉलर महागेल असं वाटलं तर करार घ्यायचा, महागला की विकायचा. घेतल्यापासून विकेपर्यंत सौदा उघडा असतो. अंदाज चुकला तर किती तोट्यावर बाहेर पडायचं ते आधीच लावून ठेवायचं, त्याला स्टॉपलॉस म्हणतात, आणि तो एकदा लावला की हलवायचा नाही. आणि महिना संपायच्या जरा आधी करार मरतो. 'मरतो' हा त्यांचाच शब्द. तुम्ही विका नाहीतर विकू नका, त्या दिवशी दुपारी तो आपोआप मिटतो.

"बाकी सारा खेळ मधल्या वेळचा हाय," ते म्हणायचे. "लोकाईले सौदा घेता येते, थांबता येत नाही."

मला तर अजिबातच येत नव्हतं. आकडा जरा हलला की माझा हात माऊसकडे जायचा. तेव्हा ते मान न वळवता म्हणायचे, "दम धर." आमच्याकडे धीर धर असं फारसं कुणी म्हणत नाही, दम धर म्हणतात. पोरगं जेवायची घाई करत असलं तरी दम धर, एसटी चुकली तरी दम धर. मी ते दिवसातून कितीदा ऐकायचो याला गणती नव्हती.

त्यांची एक लकब मात्र चमत्कारिक होती. 'हाव', म्हणजे हो, म्हणताना ते श्वास सोडत नसत, आत घेत. तुम्ही म्हणून बघा. जमतं, पण आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. "काका, चहा आणू का?" "हाव." शब्द तोंडातून बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जायचा. मी रेणुकाला एकदा नक्कल करून दाखवली, तर ती हसता हसता खोकायला लागली आणि मला तिचा दम्याचा पंप आणायला धावावं लागलं.

२

ते गेले त्या दिवशी मी नेहमीसारखा नाश्ता करून वर गेलो. उत्तमराव त्यांच्या सागवानी खुर्चीत बसले होते. पांढरा शर्ट, पाठ ताठ, हात मांडीवर, नजर स्क्रीनवर. सौदा उघडा होता. मी शेजारच्या स्टुलावर बसलो आणि शहाण्यासारखा गप्प राहिलो.

दुपारपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, पण त्यात नवल काही नव्हतं. मग डॉलर चढला. त्यांनी ठरवलेल्या भावाला आला, भावाच्या वर गेला. त्यांनी हात उचलला नाही. मला वाटलं, आज काकांना लोभ सुटला, आणि खरं सांगतो, मनातून जरा बरंही वाटलं.

"काका, झालं ना आता? इका ना."

डॉलर परत खाली यायला लागला. माझ्याच्याने राहवेना. मी वाकलो, त्यांच्या अंगावरून हात घातला आणि सौदा विकून टाकला.

तेव्हा उत्तमरावांनी श्वास सोडला. लांब, एकसारखा, संपता संपेना. माझ्या मनगटावर तो गार लागला. त्यांचे खांदे खाली आले, आणि तेव्हा मला कळलं की सकाळपासून ते कानाशी चढलेले होते. मग हनुवटी छातीवर टेकली.

डॉक्टर आले, त्यांनी बोटं वाकवून पाहिली आणि म्हणाले, "हे सकाळीच गेलेत. अंग ताठलंय."

मी म्हटलं, "आत्ता श्वास सोडला त्यांनी. माह्या हातावर सोडला."

"मेल्यावर राहिलेली हवा निघते कधी कधी," डॉक्टर म्हणाले. शिकलेला माणूस. मी मान डोलावली आणि तसंच असेल असं स्वतःला सांगितलं. कित्येक दिवस रोज सांगत होतो.

३

त्यांचा मुलगा परदेशात होता. तो येऊन सगळं उरकून गेला आणि जाताना म्हणाला, वरची खोली वापरा, सामान कुठे नेऊ? मी स्वतःचं खातं उघडलं आणि स्टूल सोडून खुर्चीत बसायला लागलो.

आणि मला थांबता यायला लागलं. हर्रासीत आयुष्य घालवलेला मी, सौदा घेऊन तास न् तास नुसता बसायचो. हात मांडीवरून उठत नसे. गुरूची कृपा म्हणून मी दोनदा त्यांच्या फोटोला हार घातला. फुलांनी रेणुकाला शिंका आल्या म्हणून तिसऱ्यांदा घातला नाही.

गडबड आधी लक्षात आली ती रज्जाकभाईच्या मशीनवरून. आमच्या भिंतीला लागून रज्जाकभाईचं पंक्चरचं दुकान. त्याच्या हवा भरायच्या मशीनची धडधड दिवसभर चालायची, टाकी भरली की फुस्स करून हवा सुटायची, की पुन्हा धडधड. या आवाजावर मी पहिल्या आठवड्यात त्याच्याशी भांडलोही होतो. एक दिवस सौदा घेतला आणि जरा वेळाने जाणवलं की नुसती धडधड ऐकू येतेय. मशीन भरतंय, भरतंय, आणि फुस्स होतच नाही. मी कान देऊन बसलो. टाकी एव्हाना फुटायला हवी होती. शेवटी सौदा विकला, आणि त्याच क्षणाला खाली फुस्स झालं.

योगायोग. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं. सौदा घेतला. घाटाकडच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने आत फुगला आणि फुगलेलाच राहिला. पंखा फिरत होता, पण त्याची कुरकुर नव्हती. पडद्याला बोट लावून बघावं असं वाटलं, पण बोट लावलं नाही. उठायचं म्हटलं की मनात तेच येई, दम धर.

आणि जिन्यातून रेणुकाची शिट्टी येत नव्हती. दम्याच्या माणसाच्या छातीत शिट्टी वाजते, ती श्वास सोडताना. घेताना नाही. इतकी वर्षं ऐकून मला ते झोपेतही कळायचं. त्या दिवशी ती वाजत नव्हती, आणि मला, देवाशपथ, फक्त आनंद झाला.

४

ते दिवाळीच्या आसपासचे दिवस आमच्या संसारातले सगळ्यात चांगले. रेणुका पंपाशिवाय राहायला लागली. जिन्याच्या पायरीला कधी पाय न लावणारी बाई एक दिवस चहाचे कप घेऊन वर आली. मी बघतच राहिलो.

"तुमचा सौदा चालू असला का मले छातीत मोकळं वाटते," संध्याकाळी सौदा विकून मी खाली आल्यावर ती म्हणाली. "दम लागतच नाही."

"मंग रातभर चालू ठेवतो."

"ठेवता येते?"

"महिना संपेलोक ठेवता येते."

"मंग ठेवा ना. काऊन इकता घाईघाईनं?"

उत्तमराव जे वर्षभरात शिकवू शकले नाहीत ते रेणुकाने एका वाक्यात शिकवलं. मी सौदे दिवस दिवस उघडे ठेवायला लागलो. रुपया त्या वर्षी जागचा हलत नव्हता, फायदाही नाही आणि तोटाही नाही. पण ती निवांत झोपायची, आणि मला दुसरं काही नको होतं.

दवाखान्यात नेलं तर डॉक्टरही खूश झाले. पाठीला नळी लावून म्हणाले, "शिट्टी अजिबात नाही. लांब श्वास घ्या बरं." तिने घेतला. सोडा म्हणायच्या आत त्यांचा फोन वाजला. बोलणं बरंच लांबलं, मग त्यांनी औषधं कमी करून दिली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. मी रेणुकाकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघून नुसती हसली, तोंड मिटून.

परत येताना मी विचारलं, "भाजी घ्यायची का?"

"हाव," ती म्हणाली. श्वास आत घेऊन.

५

नक्कल करत असेल, असं मी आधी म्हटलं. मीच तर शिकवली होती. पण नक्कल करणारा माणूस समोरच्याकडे बघतो, आणि ती बघत नव्हती.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. सौदा उघडा असला की रेणुका बोलत नसे. ही बाई स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून शेजारच्या बिस्मिल्लाभाभीशी खिडकीतून तासभर बोलायची, भाजी करपेपर्यंत. आता तिचं बोलणं फक्त हाव आणि हं, दोन्ही आत. बोलायला श्वास बाहेर सोडावा लागतो. एवढी साधी गोष्ट मला तोपर्यंत कधी सुचली नव्हती.

रज्जाकभाईची बायको बिस्मिल्ला मला अंगणात गाठून म्हणाली, "दयारामभाऊ, भाभी माह्यावर नाराज हाय का? मी बोलतो तं नुस्ती पाह्यते."

"नाही भाभी. तिले आता बरं वाटते, म्हणून शांत झाली."

"शांत," ती म्हणाली, आणि आमच्या खिडकीकडे बघत घरात गेली.

गुरुवारी रेणुकाने देवापुढे उदबत्ती लावली. आमच्या घरात उदबत्ती कधीच लागत नसे, धुराने तिचा जीव जायचा. बरी झाल्याचा आनंद म्हणून लावली असेल. मी दारात उभा होतो. ती हात जोडून बसली होती, आणि उदबत्तीचा धूर सरळ वर जायच्या ऐवजी आडवा होऊन तिच्याकडे जात होता. बारीक दोऱ्यासारखा तिच्या नाकात जात होता. मी बाहेर यायची वाट बघत राहिलो. उदबत्ती अर्धी जळाली, तरी परत काही आलं नाही.

मी जिना कसा चढलो आठवत नाही. सौदा विकला. खालून तिच्या खोकल्याचा आवाज आला. धावत आलो तर ती जमिनीवर हात टेकून बसली होती आणि तिच्या नाकातोंडातून धूर बाहेर येत होता. थोडा थोडा, बराच वेळ.

"काय झालं हो?" तिने मला विचारलं. "तुमी असे काऊन पाहून राह्यले?"

६

मी वरच्या खोलीला कुलूप घातलं. रेणुकाला सांगितलं, बाजार बरोबर नाही, काही दिवस सौदा नको.

तिचा दमा परत आला, आणि आधीपेक्षा वाईट आला. शिट्टी अंगणापर्यंत ऐकू यायची. दोन उशा, मग तीन उशा, मग बसूनच झोप. औषधं पहिल्यासारखी वाढवली तरी काही उपयोग होईना. मी तिच्या पाठीला हात लावला की आत कुणी करवत चालवतंय असं लागायचं. आणि तरी प्रत्येक शिट्टीला मला बरं वाटायचं, की चला, सोडला. नवऱ्याने बायकोच्या त्रासात बरं वाटून घ्यावं, असे ते दिवस होते.

"मांडा ना सौदा," ती म्हणायची. "एकच मांडा."

"नको."

"मले तरास होते तं तुमाले चांगलं वाटते का?"

मी धुराचं तिला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? मलाच ते दिवसा उजेडी खरं वाटत नव्हतं. डॉलर-रुपयाच्या करारावर माणसाचा श्वास अडतो, असं बोलणाऱ्याला आमच्या गावात कुठे नेऊन दाखवतात ते मला माहीत आहे.

मग ती सकाळ आली. तिचे ओठ निळे पडायला लागले होते. पंप दाबला तर नुसता टक टक वाजला, रिकामा. मी बाहेर पळत जाऊन रज्जाकभाईला गाडी आणायला सांगितलं आणि परत आलो. ती पलंगाच्या काठावर दोन्ही हात रोवून बसली होती. माझ्याकडे बघत होती.

"रेणुका, अकोल्याले जायचं का? मोठ्या दवाखान्यात?"

ती उत्तर द्यायला श्वास घेऊ लागली. तो येईना. अडकत अडकत, एवढासा. अकोला लांब. गाडी कधी येणार. आणि वरच्या खोलीत तिला एका क्षणात मोकळं करणारी गोष्ट होती. मी ती केली तर फक्त जरा वेळ, पंप येईपर्यंत, गाडी येईपर्यंत. असा हिशोब मी केला.

"दम धर," मी तिला म्हणालो. "जरासा दम धर."

दम्याच्या बाईला मी हे म्हणालो. तोंडात बसलेलं होतं, निघून गेलं.

कुलूप उघडलं, उभ्या उभ्या करार घेतला. खाली शिट्टी थांबली. आलो तेव्हा ती ताठ बसलेली होती, ओठ परत लाल झालेले, छाती भरलेली. तोंड जरासं उघडं, उत्तर द्यायला उघडलं होतं तसंच. गालाला हात लावला, गाल ऊन होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. रज्जाकभाई दारात आला. "चला भाऊ, भाभीले धरू का?"

मला उत्तमराव आठवले. सकाळीच गेलेत, अंग ताठलंय. कुणी शिकलेला माणूस तिच्याजवळ आला, की तेच म्हणणार. जोवर कुणी म्हटलं नाही तोवर ती होती.

"राहू द्या," मी म्हणालो. "बरी झाली ती."

७

सौदा विकला की श्वास सुटणार, आणि सुटला की पुढचा घेता येणार का, हे मला ठाऊक नव्हतं. उत्तमरावांना आला नव्हता. रेणुकाला उदबत्तीच्या दिवशी आला होता. पण तेव्हा तिचे ओठ निळे नव्हते. मी रोज सकाळी ठरवायचो, आज विकायचं. तिच्याजवळून उठायला नको म्हणून सौदा मोबाईलवर घेतला होता, त्यावर बोट न्यायचो. मग तिच्याकडे बघायचो आणि बोट मागे घ्यायचो.

ती कुठे उठली नाही. जेवली नाही, पाणी नाही. डोळे मात्र माझ्यामागे फिरायचे. मी तिचे केस विंचरले, लुगडं सारखं केलं, गावाकडच्या गोष्टी सांगितल्या. कधी नव्हे तो मीच बोलायचो आणि तीच गप्प. खिडकीचा पडदा फुगून उभा होता. रज्जाकभाईचं मशीन दिवसभर भरत होतं. मी एकदा त्याला विचारलं, तुझं मशीन हवा सोडत नाही का? तो म्हणाला, "सोडते ना भाऊ, हे काय आता सोडली." मला ऐकू आलं नव्हतं.

बिस्मिल्लाभाभी एकदा भाकरी-भाजी घेऊन आत आली. रेणुकाच्या शेजारी पलंगावर बसली, तिचा हात हातात घेतला. कितीतरी वेळ तशीच बसली. मग तिने हात हळूच मांडीवर ठेवून दिला, डोक्यावरची ओढणी पुढे ओढली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. त्यानंतर ताट दाराबाहेर ठेवलेलं असायचं.

मग रुपया हलला. इतके दिवस बसलेला रुपया नेमका तेव्हा उठला आणि डॉलर घसरायला लागला, माझ्या स्टॉपलॉसच्या दिशेने. तो भाव लागला की सौदा आपोआप मिटणार. तेवढ्यात मोबाईलची घरातली रेंज गेली. स्टॉपलॉस काढायला मी जिना चढलो.

शेवटच्या पायरीवर थांबलो. दार मीच उघडं टाकलं होतं. खुर्चीची पाठ माझ्याकडे होती, आणि पाठीच्या वर पांढऱ्या शर्टाचे खांदे दिसत होते. कानापर्यंत चढलेले. दुपारचं चांगलं ऊन पडलं होतं. खुर्चीच्या वेताची एकेक पट्टी दिसत होती, इतकं ऊन. हात माऊसवर होता.

"दम धर," ते म्हणाले, मान न वळवता. श्वास आत घेऊन.

मी खाली आलो. अंगणात, रस्त्यावर, जिथे रेंज आली तिथे उभं राहून स्टॉपलॉस काढून टाकला. एकदा लावला की हलवायचा नाही, हा पहिला धडा, आणि मी तो मोडला. आत आलो तर रेणुका तशीच होती, आणि मी तिच्या पायाशी बसून रडलो.

८

आता फक्त महिनाअखेर राहिली होती. करार मरायचा दिवस मी हलवू शकत नव्हतो. एकच युक्ती सुचली. जुना मरायच्या आधी पुढच्या महिन्याचा करार घेऊन ठेवायचा. दोन्ही उघडे. एक मिटला की दुसरा तिला धरून ठेवील. शाळेत गणितात कधी पास झालो नाही, पण हे गणित मला बरोबर वाटलं.

त्या सकाळी मी तिला आंघोळीनंतर नेसवतात तसं स्वच्छ नेसवलं, कुंकू लावलं. शेजारी बसून मोबाईलवर नवा करार घेतला. तिच्यात काही फरक पडला नाही. मला हायसं वाटलं. छाती भरून आली.

दाराबाहेर ताट ठेवल्याचा आवाज झाला. रज्जाकभाईने बाहेरून विचारलं, "भाऊ, कालचं जेवले होते का?"

"हाव," मी म्हणालो. शब्द आत ओढला गेला.

दुपार होत आली. मी तिचा हात धरून बसलो. तिचे डोळे माझ्यावर होते. तिच्या कपाळावर एक केस आला होता, तो मी मागे केला. जेवणाची वेळ झाली, तसं मोबाईलवरून जुन्या कराराची ओळ निघून गेली. कसलाही आवाज न होता. एवढंच.

रेणुकाचे खांदे खाली आले. श्वास सुटला, लांब, माझ्या तोंडावर, आणि तो गार नव्हता. ऊन होता. त्यात उदबत्तीचा वास होता. आणि त्यात एक शब्द होता. उघडं तोंड धरून तिने इतके दिवस जपून ठेवलेला, तिच्या स्वतःच्या आवाजातला, बाहेर येणारा.

"हाव."

मग ती माझ्या खांद्यावर कलंडली. मी वाट बघितली. पुढचा श्वास आला नाही.

मी तिला विचारलं होतं, अकोल्याले जायचं का.

भिंतीपलीकडे रज्जाकभाई होता. त्याची गाडी दारातच उभी होती. त्याला हाक मारायची होती, ज्या आवाजाने मी शेगावच्या बाजारात वीस वर्षं पुकारा केला त्या आवाजाने. मी तोंड उघडलं. छाती भरलेली होती, पार गळ्यापर्यंत. मी जोर लावला. पुन्हा लावला.

खिडकीचा पडदा आत फुगलेला होता. मोबाईलवर नवा सौदा उघडा होता.